स्पॅनिशमध्ये ठावठिकाणा सांगताना: गोव्यातील मराठी भाषकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

गोव्यातील अनेक घरांतून कोणी ना कोणी क्रूझ जहाजावर, हॉटेलात किंवा पोर्तुगालच्या वाटेने युरोपात कामासाठी गेलेले असते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना आज ना उद्या स्पॅनिश बोलणाऱ्या सहकाऱ्याशी किंवा प्रवाशाशी व्यवहार करावा लागतो. इकडे जुन्या गोव्यात बासिलिकेपाशी टॅक्सी चालवणाऱ्यांना आणि घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्यांनाही स्पॅनिश भाषक पाहुणे भेटतात. ज्यांचे अवशेष तेथे आहेत ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये स्पेनच्या आजच्या नवारा प्रांतात जन्मले आणि १५४२ मध्ये गोव्यात आले, हे लक्षात घेतले तर तिकडच्या लोकांना या स्थळाविषयी वाटणारी ओढ समजते. अशा व्यवहारात फोनवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे "दोन्दे एस्तास?", म्हणजेच "तू कुठे आहेस?". प्राथमिक पुस्तके नाव, वय आणि रंग आधी शिकवतात. माझ्या मते मात्र ठावठिकाणा सांगणे पहिल्याच आठवड्यात शिकावे, कारण येथे झालेल्या गैरसमजामुळे माणूस चुकीच्या दारापाशी तासभर ताटकळत राहतो.

या लेखात स्पॅनिश वाक्ये देवनागरीत दिली आहेत. स्पॅनिशमधील त आणि द हे मराठीप्रमाणेच दंत्य असल्यामुळे तेथे ट किंवा ड उच्चारण्याची सवय लागू देऊ नये. ब आणि व यांत स्पॅनिश कान भेद करत नाही, आणि शब्दारंभीचा लिखित ह उच्चारला जात नाही, म्हणून हॉटेलचे "ओतेल" होते. ज्या ठिकाणी मी स लिहिला आहे अशा काही शब्दांत, उदाहरणार्थ "सेर्का" किंवा "एस्तासिओन", स्पेनच्या बहुतांश भागात जीभ दातांमध्ये आणून थ सारखा ध्वनी काढतात. लॅटिन अमेरिकेत तेथे स्वच्छ स ऐकू येतो आणि तो सर्वत्र समजतो, तेव्हा शिकणाऱ्याने स धरून चालावे.

आधी आपले "आहे" तपासा

मराठीत "मी शिक्षक आहे", "मी घरी आहे", "जवळ एक दुकान आहे" आणि "लग्न मंगेशीला आहे" या चारही वाक्यांत एकच क्रियापद चालते. स्पॅनिशमध्ये या कामाची तीन क्रियापदांत वाटणी झालेली आहे. ओळख, व्यवसाय आणि मूळ गाव सांगण्यासाठी "सेर", एखादी व्यक्ती किंवा वस्तू कोठे आहे हे सांगण्यासाठी "एस्तार", आणि एखादी गोष्ट अस्तित्वात आहे एवढेच सांगण्यासाठी "आबेर", ज्याचे वर्तमानकाळातले रूप "आय" असे होते. मराठी भाषकाच्या जवळजवळ सगळ्या चुका या वाटणीपाशी होतात. पुढच्या पायऱ्या त्यामुळेच महत्त्वाच्या आहेत.

गोव्यात राहणाऱ्याला येथे एक आधार घरातच मिळतो. कोंकणीत "तो दोतोर" असे म्हणताना क्रियापद गाळले तरी चालते, परंतु "तो घरांत आसा" म्हणताना "आसा" लागतेच. ओळख आणि ठिकाण यांतला हा फरक ज्याच्या कानाला रोजचा आहे, त्याला "सेर" आणि "एस्तार" यांची विभागणी परकी वाटण्याचे कारण नाही. कोंकणीतला "आसा" आणि स्पॅनिशमधला "एस्तार" सर्वत्र जुळत नाहीत हे खरे, परंतु ठिकाणाच्या वाक्यांपुरता हा आधार पुरेसा भक्कम आहे.

"एस्तार"ची सहा रूपे

मी आहे, "एस्तोय". तू आहेस, "एस्तास". तो, ती, ते आहे किंवा आपण, आदरार्थी तुम्ही, आहात, "एस्ता". आम्ही किंवा आपण सारे आहोत, "एस्तामोस". तुम्ही सारे आहात, "एस्ताइस", परंतु हे रूप प्रामुख्याने स्पेनपुरते मर्यादित आहे. ते सारे आहेत, "एस्तान", आणि लॅटिन अमेरिकेत "तुम्ही सारे" यासाठीही हेच रूप वापरतात. अर्जेंटिनातील माणूस "तू" ऐवजी "बोस" म्हणेल, तरी या क्रियापदाचे रूप "एस्तास" हेच राहते, त्यामुळे त्याची वेगळी चिंता नको.

या सहाही रूपांत आघात दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे "तो" किंवा "ता" वर पडतो. ही बाब किरकोळ मानू नये. आघात पहिल्या अक्षरावर गेला तर "एस्ता" चा अर्थ "आहे" असा न राहता "ही" असा होतो. "कोमो से यामा एस्ता काये?" या वाक्यात, म्हणजे "या रस्त्याचे नाव काय?" असे विचारताना, आघात पहिल्या अक्षरावर हवा, आणि "दोन्दे एस्ता ला काये?" म्हणजे "रस्ता कोठे आहे?" असे विचारताना तो दुसऱ्यावर हवा. मराठीत आघाताने अर्थ बदलण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत, म्हणून ही दोन वाक्ये एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून कान तयार करावा.

मराठीत "घरी आहे" एवढे म्हटले तरी भागते, तसेच स्पॅनिशमध्येही "मी" साठीचा "यो" सहसा गाळतात. प्रत्येक वाक्य "यो" ने सुरू करणारा शिकाऊ लगेच ओळखू येतो. वडीलधाऱ्या किंवा अनोळखी व्यक्तीला विचारताना "दोन्दे एस्ता उस्तेद?" असे आदरार्थी रूप वापरावे. तू आणि तुम्ही यांतले अंतर आपण जसे पाळतो, तसेच येथेही पाळलेले बरे.

ठिकाणाचे नाव जोडणे

"गोव्यात", "पुलावर", "देवळाजवळ" असे आपण नामाचे सामान्यरूप करून त्यामागे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावतो. स्पॅनिशमध्ये क्रम उलटा आहे. संबंध दाखवणारा शब्द आधी येतो आणि नामाचे रूप मुळीच बदलत नाही. त्यातला सर्वांत उपयोगी शब्द "एन" हा असून तो आपल्या "त", "वर", "ला" आणि "ई" या चारही प्रत्ययांचे काम करतो. "एस्तोय एन पणजी" म्हणजे मी पणजीत आहे, "एस्तोय एन एल पुएन्ते" म्हणजे मी पुलावर आहे, आणि "एस्तोय एन कासा" म्हणजे मी घरी आहे.

गावांच्या आणि शहरांच्या नावांपूर्वी सहसा उपपद लागत नाही. सामान्य ठिकाणांपूर्वी मात्र पुल्लिंगी "एल" किंवा स्त्रीलिंगी "ला" लावावेच लागते, आणि हे लिंग शब्दासोबतच पाठ करणे हा एकच उपाय आहे. विमानतळ "एल आएरोपुएर्तो", बाजार "एल मेर्कादो", देऊळ "एल तेम्प्लो", नदी "एल रीओ", स्थानक "ला एस्तासिओन", किनारा "ला प्लाया", चर्च "ला इग्लेसिआ", बसथांबा "ला पारादा". "एन कासा" हा अपवाद आहे. तेथे "ला" घातले तर बोलणारा एखाद्या विशिष्ट घराविषयी बोलत आहे असे वाटते.

रस्त्यांची आणि इमारतींची विशेषनामे भाषांतरित करू नयेत. पणजीच्या फोंतेन्यास भागात उभे राहून "एस्तोय एन ला रुआ ३१ द जनेरो" असे म्हणावे. रुआऐवजी स्पॅनिश "काये" घालून नाव बदलले, तर पाहुण्याला भिंतीवरच्या पाटीवर ते नाव सापडणार नाही.

खूण सांगणे

नुसते गावाचे नाव सांगून माणूस सापडत नाही. ओळखीची खूण आणि तिच्याशी आपले नाते सांगावे लागते. जवळ "सेर्का दे", दूर "लेखोस दे", शेजारी "आल लादो दे", मागे "देत्रास दे", आत "देन्त्रो दे", बाहेर "फुएरा दे", वर "एन्सीमा दे", खाली "देबाखो दे", दोहोंच्या मध्ये "एन्त्रे". या बहुतेकांच्या शेवटी "दे" येतो, आणि पुढे "एल" आला की दोघांचे मिळून "देल" होते. "देवळाच्या मागे" याचे "देत्रास देल तेम्प्लो" होते, आणि "चर्चच्या मागे" याचे "देत्रास दे ला इग्लेसिआ". "माझ्या जवळ" म्हणताना "सेर्का दे मी" असे म्हणावे.

"समोर" या शब्दापाशी मात्र थांबायला हवे, कारण मराठीतल्या एका "समोर"ला स्पॅनिशमध्ये दोन शब्द आहेत. इमारतीच्या दर्शनी भागापाशी, तिच्याच बाजूला उभे असाल तर "देलान्ते दे". रस्ता किंवा चौक ओलांडून पलीकडे, तोंडासमोर असाल तर "एन्फ्रेन्ते दे". जुन्या गोव्यात बॉम जेझस बासिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे आहेत, म्हणून "ला कातेद्राल एस्ता एन्फ्रेन्ते दे ला बासीलिका". परंतु टॅक्सीवाला बासिलिकेच्याच दारापाशी उभा असेल, तर त्याने "एस्तोय देलान्ते दे ला बासीलिका" म्हणावे. "एन्फ्रेन्ते" म्हटल्यास पाहुणा गर्दीचा रस्ता ओलांडून कॅथेड्रलच्या बाजूला त्याला शोधत बसेल. लॅटिन अमेरिकेत हा भेद काहीसा सैल आहे, पण काटेकोर बोलणाऱ्याचे कोठेच अडत नाही.

कोपऱ्याबाबतही अशीच दक्षता हवी. रस्त्याचा कोपरा "एस्कीना" आणि खोलीचा आतला कोपरा "रिन्कोन". नाक्यावर उभे राहून "रिन्कोन" म्हटले, तर ऐकणारा खोलीत शोधू लागेल.

डावे, उजवे आणि दिशा

उजवीकडे "आ ला देरेचा" आणि डावीकडे "आ ला इस्किएर्दा". लॅटिन अमेरिकेत "देरेचो" असा ओकारान्त शब्द सरळ पुढे या अर्थाने वापरतात आणि स्पेनमध्ये त्यासाठी "तोदो रेक्तो" म्हणतात, म्हणून शेवटचा स्वर स्पष्ट उच्चारावा.

डावे-उजवे कोणाचे, हा प्रश्न फोनवर कायम येतो. त्यावर चांगला तोडगा म्हणजे आपले तोंड कोणीकडे आहे हे आधी सांगणे. "मिरान्दो आल मार" म्हणजे समुद्राकडे पाहताना, आणि "दे एस्पाल्दास आल मार" म्हणजे समुद्राकडे पाठ करून. बार्सिलोनात तर रस्त्याची बाजू सांगताना समुद्राकडची म्हणून "मार" आणि डोंगराकडची म्हणून "मोन्तान्या" असे शब्द सर्रास वापरतात. समुद्र एका हाताला आणि सह्याद्री दुसऱ्या हाताला असलेल्या गोव्याच्या माणसाला ही पद्धत चटकन उमगते. फक्त तेथे समुद्र आग्नेयेला आहे, पश्चिमेला नाही, एवढे लक्षात ठेवावे.

जहाजावर काम करणाऱ्या तारवटींना याहून नेमके शब्द मिळतात. जहाजाचा मजला "कुबिएर्ता", पुढचे टोक "प्रोआ", मागचे टोक "पोपा", पुढे तोंड केले असता डावी बाजू "बाबोर" आणि उजवी "एस्त्रिबोर". या बाजू माणूस कोणीकडेही वळला तरी बदलत नाहीत, म्हणून जहाजावर "आ ला इस्किएर्दा" पेक्षा "एस्तोय एन ला कुबिएर्ता सिन्को, आ बाबोर" हे उत्तर अधिक सुरक्षित असते.

उत्तर आणि दक्षिण सांगताना "एन" आणि "आ" यांनी अर्थ फिरतो. पेडणे गोव्याच्या आत, उत्तर भागात आहे, म्हणून "पेडणे एस्ता एन एल नोर्ते दे गोवा". सिंधुदुर्ग गोव्याच्या बाहेर, उत्तरेला आहे, म्हणून "सिंधुदुर्ग एस्ता आल नोर्ते दे गोवा". काणकोण आणि कारवार यांवर हीच जोडी दक्षिणेसाठी, म्हणजे "सुर" हा शब्द घेऊन, स्वतः करून पाहावी.

किती अंतरावर

अंतर सांगताना "आ" हा छोटा शब्द विसरू नये. "एस्तोय आ दिएस मिनूतोस दे ला एस्तासिओन" म्हणजे मी स्थानकापासून दहा मिनिटांवर आहे. पणजीपासून जुने गोवे सुमारे १० किलोमीटरवर आहे, तेव्हा पणजीतून फोन करणारा "एस्तोय आ उनोस दिएस किलोमेत्रोस दे ला बासीलिका" असे म्हणू शकतो. येथे "उनोस" मुळे "सुमारे" हा अर्थ येतो.

वाटेत असलेल्याने "एस्तोय एन कामीनो" म्हणावे आणि अगदी पोहोचत असल्यास "एस्तोय येगान्दो". आपण मराठीत "आलो, येतोय" असे म्हणतो. स्पॅनिश माणूस मात्र ऐकणाऱ्याकडे निघाला तरी "जाणे" हेच क्रियापद वापरतो आणि "या बोय" म्हणतो. "येणे" या अर्थाचे "बेंगो" येथे वापरल्यास ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. ही सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून ती पहिल्यापासूनच लावून घ्यावी.

आहे, पण कोणते?

"एस्ता" आणि "आय" यांतून निवड करण्याची कसोटी सोपी आहे. गोष्ट ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली, विशिष्ट असेल तर "एस्ता", आणि तिचे अस्तित्वच नव्याने सांगायचे असेल तर "आय". "आय उना फार्मासिआ सेर्का देल मेर्कादो" म्हणजे बाजाराजवळ एक औषधांचे दुकान आहे. "ला फार्मासिआ एस्ता सेर्का देल मेर्कादो" म्हणजे ज्याच्याविषयी आपण बोलतो आहोत ते दुकान बाजाराजवळ आहे. "आय" नंतर "उन", "उना" किंवा संख्या येते, "एस्ता" सोबत "एल", "ला", "मी" म्हणजे माझे, किंवा विशेषनाम येते. वस्तू अनेक असल्या तरी "आय" बदलत नाही: "आय दोस पुएन्तेस", दोन पूल आहेत.

समारंभासाठी मात्र तिसरे क्रियापद. लग्न, सभा, मिस्सा, मिरवणूक, वर्ग अशी घडणारी गोष्ट कोठे आहे हे सांगताना स्पॅनिश "सेर" वापरते. "लग्न मंगेशीला आहे" याचे "ला बोदा एस एन मंगेशी" होते, आणि "नवरदेव मंगेशीला आहे" याचे "एल नोबिओ एस्ता एन मंगेशी". शंका आली तर वाक्यातल्या "आहे" च्या जागी "होणार आहे" घालून पाहावे. अर्थ टिकला तर "एस", बिघडला तर "एस्ता". मूळ गाव सांगतानाही "सेर"च लागते, म्हणून बिल्बाओत काम करणारा गोंयकार "सोय दे गोवा, पेरो एस्तोय एन बिल्बाओ" असे म्हणेल.

पोर्तुगीज येणाऱ्यांसाठी

ज्यांच्या घरात पोर्तुगीज बोलली जाते किंवा ज्यांनी ती शाळेत शिकली आहे, त्यांना अर्धी वाट आधीच चालून झालेली असते, पण काही जागी पाय घसरतो. पोर्तुगीजमध्ये "त" साठीचा शब्द आणि उपपद मिळून लिहिण्यात "नो" किंवा "ना" होते. स्पॅनिशमध्ये "एन एल" आणि "एन ला" वेगळेच राहतात, आणि "नो" चा अर्थ "नाही" असा आहे. तेव्हा लिखित संदेशात पोर्तुगीज सवयीने "नो ओतेल" लिहिले, तर वाचणारा भलताच अर्थ घेऊ शकतो. जवळ यासाठी "पेर्तो" ऐवजी "सेर्का" आणि दूर यासाठी "लोंज" ऐवजी "लेखोस" हेही बदलावे लागते. इमारत कोठे आहे हे विचारण्यासाठी पोर्तुगीजमध्ये "फीका" वापरतात, स्पॅनिशमध्ये "एस्ता", आणि लॅटिन अमेरिकेत विशेषतः "केदा" हेही ऐकू येते.

सराव कसा करावा

अनोळखी शहराच्या नकाशावर सराव करण्यापेक्षा रोजच्या रस्त्यावर करावा, कारण तेथे ठिकाण आठवण्यात शक्ती जात नाही आणि सगळे लक्ष वाक्यावर राहते. पणजी बसस्थानकावरून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याला जाणारी बस यासाठी उत्तम आहे. बस पुढे निघाली की मांडवी डाव्या हाताला राहते, म्हणून "एल रीओ एस्ता आ ला इस्किएर्दा". परतताना तीच नदी उजवीकडे येते आणि "आ ला देरेचा" म्हणावे लागते. वाटेत दर थांब्याला आपण कोठे आहोत, कशाच्या जवळ आहोत आणि मुक्कामापासून किती मिनिटांवर आहोत, अशी तीन वाक्ये मनात जुळवावीत. दुसऱ्या फेरीत तीच वाक्ये "एस्ताबा", म्हणजे "होतो", वापरून भूतकाळात करावीत.

वाट चुकल्यास आणि तातडीच्या वेळी

"नो से दोन्दे एस्तोय", मी कोठे आहे ते मला कळत नाही, हे वाक्य सर्वांनी पाठ करावे. "वाट चुकलो" यासाठी पुरुष "एस्तोय पेर्दीदो" आणि स्त्री "एस्तोय पेर्दीदा" म्हणते. समोरचा भराभर बोलू लागला तर "मास देस्पासिओ, पोर फाबोर" असे म्हणून त्याला सावकाश बोलायला लावावे. मोबाइलवरून ठिकाण पाठवणार असाल तर "ते मान्दो ला उबिकासिओन" एवढे पुरते, परंतु चार्ज संपला किंवा नेट गेले की तोंडी वाक्यच कामी येते.

स्पेनमध्ये आपत्कालीन क्रमांक ११२ आहे, भारतात आहे तोच. तेथे बोलताना मोठ्या ठिकाणाकडून लहान ठिकाणाकडे यावे: आधी गाव, मग रस्ता, मग घरक्रमांक आणि मजला. घर असेल तर "एस्तोय एन सेबिया, एन ला काये फेरिआ, नूमेरो बेइन्ते, तेर्सेर पीसो", म्हणजे सेव्हिल, फेरिआ रस्ता, २० क्रमांक, तिसरा मजला. तळमजल्याला "प्लान्ता बाखा" म्हणतात. महामार्गावर असाल तर कडेच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा आणि वाहन कोणत्या दिशेने चालले होते ते सांगावे: "एन एल किलोमेत्रो दोसे, एन दिरेक्सिओन आ सेबिया". दिशा न सांगितल्यास दुभाजकाच्या कोणत्या बाजूला यायचे हे मदतपथकाला कळत नाही, म्हणून आकडे उच्चारता येणार नसतील तर एक एक अंक सुटा सांगितला तरी चालेल, पण दिशा वगळू नये.